दुर्बीण खोटं बोलत नाही, फक्त आरसा दाखवते

उन्हाळ्याच्या सुट्टीत चकलांब्याला गेलं की रात्री माळवदावर अंथरूण टाकायचं, हा आमच्या घरचा अलिखित नियम. या वर्षी अंथरुणाच्या शेजारी एक तिपाई उभी होती. पुण्याहून आलेल्या भाच्यानं वाढदिवसाच्या पैशातून दुर्बीण घेतली होती. सत्तर मिलिमीटरचं भिंग, सातशेचं नाभीय अंतर. मोबाइलमध्ये आकाशाचं अ‍ॅपही होतं. म्हणजे सगळी तयारी झकास!

मे महिना, त्यामुळे उत्तरेला सप्तर्षी छान वर आलेले. आमचे अण्णा त्यांना बाजलं म्हणतात. रात्रीच्या लाइटवर पाणी द्यायला जायचे तेव्हा बाजलं कुठवर आलं ते बघून वेळ ओळखायचे. घड्याळ होतं, पण ते चिखलात कोण नेणार?

भाच्यानं वसिष्ठ-अरुंधती लावले. एकदा दुर्बिणीत बघे, एकदा मोबाइलमध्ये. मोबाइल उलटा केला, आडवा केला, शेवटी स्वतःच वाकडा झाला. जुळेचना. थोड्या वेळानं म्हणाला, "मामा, पीस खराब आलाय. परत पाठवू या."

मला खरं तर मोबाइलचाच राग आला होता. मी लेक्चर सुरू करणार, तेवढ्यात अण्णा अंथरुणावरूनच म्हणाले, "आरं, संध्याकाळी त्यातून यष्टीची पाटी बघितलीस, ती कशी दिसली?"

"उलटी. आरशातल्यासारखी."

"मग चांदण्या तेवढ्या सुलट्या कशा दिसतील?"

संपलं! आमची सगळी पुस्तकं गुंडाळून ठेवावीत असं उत्तर.

गोष्ट खरंच एवढीच आहे. प्रकाश वाटेत किती आरशांवर आपटतो ते मोजायचं. न्यूटनच्या पद्धतीच्या दुर्बिणीत दोन आरसे असतात. आकडा सम, म्हणून चित्र नुसतं फिरलेलं असतं आणि मोबाइल फिरवला की जुळतं. भाच्याच्या भिंगाच्या दुर्बिणीत मान मोडू नये म्हणून मागे एक काटकोनी आरसा बसवलेला. आकडा विषम, त्यामुळे डावं-उजवं बदलतं. आता मोबाइल गरागरा फिरवा नाहीतर डोक्यावर घ्या, जुळणार नाही. डाव्या हातातला मोजा कितीही फिरवला तरी उजव्या हातात बसतो का?

वसिष्ठ-अरुंधतीच्या जवळच एक आठव्या प्रतीचा मंद तारा आहे. नुसत्या डोळ्यांना दिसत नाही, दुर्बिणीत दिसतो. तिघांचा चपटा त्रिकोण होतो. दोन ताऱ्यांवरून आरसा ओळखता येत नाही, त्रिकोणावरून येतो. आमच्या अ‍ॅपमध्ये तो मंद तारा एका बाजूला होता, दुर्बिणीत दुसऱ्या. पीस खराब नव्हता, प्रामाणिक होता!

आता माझं मत. दुर्बीण मोबाइलशी जुळवू नये, मोबाइल दुर्बिणीशी जुळवावा. आधी दुर्बिणीलाच दिशा विचारा. नळी स्थिर ठेवा आणि हात सोडा. तारे जिकडे सरकतात ती पश्चिम. पंचवीसच्या आयपीसनं आम्हाला 28 पट मोठं आणि जेमतेम पावणेदोन अंशांचं आकाश दिसत होतं. मधोमध ठेवलेला वसिष्ठ साधारण सहा मिनिटांत कडेला गेला. मग नळी हलकेच ध्रुवाकडे ढकला. इथे तो क्षितिजापासून सुमारे 19 अंशांवरच असतो. ज्या कडेनं नवे तारे आत येतील ती उत्तर. एवढं कळलं की मगच अ‍ॅपला हात लावा. संगणकावरच्या स्टेलॅरियममध्ये कंट्रोल-शिफ्ट-एच दाबलं की डावं-उजवं बदलतं, आणि आपल्या आयपीसएवढं वर्तुळही घेता येतं. मोबाइलच्या पडद्यावर अर्धं आकाश उघडून त्यात पावणेदोन अंश शोधत बसणं म्हणजे जिल्ह्याच्या नकाशात आपली विहीर शोधण्यासारखं आहे.

आणि पडदा लाल व मंद करा हो! अंधाराला सरावायला डोळ्यांना वीस-तीस मिनिटं लागतात आणि पांढरा पडदा ती कमाई क्षणात घालवतो.

अ‍ॅपला शिव्या देणारा मी नाही. त्यातल्या ठिपक्यांमागे माणसांचे डोळे खर्ची पडले आहेत. आपला बीड जिल्हा 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात होता. त्याच राज्यात, हैदराबादला, 1901 मध्ये निजामिया वेधशाळा सुरू झाली. साऱ्या आकाशाचा नकाशा करण्याच्या आंतरराष्ट्रीय कामात तिनं भाग घेतला, काचेच्या तबकड्यांवर फोटो घेतले आणि लाखो ताऱ्यांच्या जागा मोजल्या. 2000 साली आलेल्या टायको-2 या तारासूचीत ताऱ्यांची गती काढायला त्या प्रकल्पातली जुनी मोजमापं वापरली गेली. तेव्हा नकाशा हवाच. पण तो पोचवण्यापुरता. अ‍ॅपमधले रंगीत तेजोमेघ आयपीसमध्ये राखाडी धुरासारखे दिसतात. ते जुळवायला जाऊच नये. निराशा पदरी पडते आणि मग दुर्बीण माळ्यावर जाते.

आपल्याकडे अरुंधतीदर्शनन्याय म्हणतात. आधी मोठा तारा दाखवायचा, मग बोट धरून बारक्या ताऱ्यापर्यंत न्यायचं. अ‍ॅपनं एवढंच करावं, बोट व्हावं. बोटाकडेच बघत बसलं तर अरुंधती राहते बाजूला.

शेवटी अण्णांना उठवून दुर्बिणीशी बसवलं. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर अरुंधती त्यांना नीट दिसत नव्हती. बराच वेळ डोळा लावून होते. मग म्हणाले, "लग्नात भटजींनी दाखवली तवा मी नुसतं 'दिसली' म्हणालो होतो. तुझी आई मात्र खरंच बघत होती."

आई जाऊन सहा वर्षं झाली.

दुर्बीण अर्थातच परत पाठवली नाही. ती आता माळवदाच्या खोलीत असते. गावी येणाऱ्या मंडळींनी जरूर डोळा लावावा. फक्त मोबाइल खिशात ठेवून मग जिना चढा.