चैत्रांतील ताळेबंद

गेल्या पंधरवड्यांत आमच्या एका जुन्या वाचकांचें पत्र आलें. पेठेंत त्यांचें वह्या, कागद व लेखनसाहित्य यांचें लहानसें दुकान आहे व तें दोघे भाऊ मिळून चालवितात. ते लिहितात कीं, आमचे आजोबा दिवाळीच्या पाडव्यास नवी वही उघडीत. आम्ही गुढी उभारतों ती चैत्राच्या पाडव्यास. आणि करसल्लागार बजावतात कीं, जें काय मिटवावयाचें तें ३१ मार्चच्या आंत मिटवा. तेव्हां आमचें वर्ष खरें कोणतें समजावें? पत्र एवढ्यावरच संपलें असतें तर आम्हीं चार ओळींत उत्तर धाडून दिलें असतें. परंतु शेवटीं त्यांनीं सहज म्हणून एक मजकूर घातला आहे, आणि त्यामुळें या महिन्याचें सगळें सदर त्यांच्याच प्रश्नास द्यावें असें आम्हांस वाटलें. मार्चच्या शेवटच्या आठवड्यांत, भर दुपारीं, दुकानावरच्या पत्र्याच्या माळ्यांत बसून वर्षभराची तुंबलेली खतावणी पुरी करीत असतां त्यांना घेरी आली व ते वहीवरच कलंडले. "तेव्हांपासून वहिनींनीं माळ्याची किल्ली आपल्या कमरेस लावली आहे," असें ते लिहितात.

आधीं वर्षाचा प्रश्न. आपल्याकडे एकच वर्ष कधींही नव्हतें. शालिवाहन शकाचें वर्ष चैत्र शुद्ध प्रतिपदेस लागतें व तें पंचांगाचें आणि घरचें. व्यापाऱ्यांचें वर्ष विक्रम संवताचें. तें गुजराथेप्रमाणें आपल्याही पेठांत कार्तिक शुद्ध प्रतिपदेस बदले, म्हणून लक्ष्मीपूजनास वह्यांची पूजा. पेशवे दप्तरांतील कागदांवर जो शुहूर सन आढळतो तो सूर्य मृग नक्षत्रांत शिरतांच पालटे, आणि त्यास मृगसाल हें नांवच पडलें होतें. या प्रत्येकामागें कांहीं ना कांहीं शहाणपण दिसतें. शेतकऱ्याचें वर्ष पेरणीपासून सुरू व्हावें हें स्वाभाविक. व्यापाऱ्यानें कार्तिक निवडला, कारण तोंवर पाऊस सरलेला, वाटा मोकळ्या झालेल्या, खरिपाचें पीक हातीं येऊं लागलेलें, आणि हवाही अशी कीं माणसानें तासभर बैठक मारून बेरजा केल्या तरी डोकें ठिकाणावर राहावें.

एप्रिलची पहिली तारीख मात्र दूर देशांतून आली. इंग्लंडांत पूर्वीं २५ मार्च हा सणाचा दिवस वर्षारंभाचा मानीत व खंड, भाडीं आणि देणीं त्याच सुमारास चुकतीं करीत. १७५२ सालीं त्यांनीं पंचांग सुधारलें तेव्हां ११ दिवस गाळावे लागले; त्या ओढाताणीची खूण म्हणून तेथील प्राप्तिकराचें वर्ष अद्याप ६ एप्रिलला सुरू होतें. सरकारी जमाखर्चाचें वर्ष मात्र १८५४ पासून १ एप्रिलचें झालें. हिंदुस्थान सरकारचें वर्ष त्या वेळीं १ मे ते ३० एप्रिल असें होतें. १८६७ पासून तें विलायतेशीं जुळवून घेण्यांत आलें. तिकडे मार्चअखेर म्हणजे हिंवाळ्याच्या गारठ्यांतून सुटका. आपल्याकडे त्याच दिवसांत पत्रा तापूं लागतो. पंचांग आलें, पण हवा कांहीं त्याबरोबर आली नाहीं!

याच संदर्भांत जेम्स विल्सन यांची हकीकत आठवते. टोप्यांच्या धंद्यांत उमेदवारी करून वर आलेले हे गृहस्थ. 'द इकॉनॉमिस्ट' हें साप्ताहिक त्यांनींच १८४३ सालीं काढलें. १८५७ च्या उठावानंतर रिकाम्या झालेल्या तिजोरीची व्यवस्था लावण्यासाठीं ते १८५९ च्या अखेरीस कलकत्त्यास आले आणि पुढच्याच वर्षीं त्यांनीं या देशास प्राप्तिकराची ओळख करून दिली. २०० रुपयांखालीं वार्षिक प्राप्ति असणारास माफी, ५०० पर्यंत शेंकडा २ व त्यापुढें शेंकडा ४ असा तो दर होता. तो कायदा २४ जुलै १८६० रोजीं अमलांत आला, आणि ११ ऑगस्ट रोजीं विल्सन आमांशानें वारले. उन्हाळ्यांत कलकत्ता सोडून थंड हवेच्या ठिकाणीं जाण्यास त्यांनीं साफ नकार दिला होता. कामापुढें देहाची पर्वा न करणारांची आपल्याकडे स्तुति करण्याची रीति आहे. आम्हांस ती फारशी पसंत नाहीं.

येथें एक गोष्ट नव्या पिढीस ठाऊक नसते. १ एप्रिलचें वर्ष सरकारचें होतें; दुकानदारावर त्याची सक्ती पुष्कळ उशिरां झाली. प्राप्तिकरासाठीं देखील दिवाळी ते दिवाळी असा हिशेब ठेवण्याची मुभा व्यापाऱ्यास पुढें पुष्कळ वर्षें होती. १९८७ च्या दुरुस्तीनें ती काढून घेण्यांत आली व १९८९-९० च्या आकारणी वर्षापासून सर्वांना एकच ३१ मार्च लागू झाला. म्हणजे आमच्या पत्रलेखकांचे आजोबा हेकट नव्हते. ते कार्तिकांत ताळेबंद करीत, कारण कायद्यालाही तो चालत असे. नातवावर तो चैत्राच्या तोंडीं आला आहे. एल. के. झा यांच्या समितीनें १९८५ सालीं सरकारी वर्ष जानेवारीपासून करावें अशी शिफारस केली होती. २०१६ सालीं शंकर आचार्य यांच्या समितीनेंही त्याच विषयाचा विचार केला. पण तारीख हलली नाहीं. २०२५ च्या नव्या प्राप्तिकर कायद्यानें, ज्याचा अंमल १ एप्रिल २०२६ पासून ठरविण्यांत आला, 'आकारणी वर्ष' व 'पूर्ववर्ष' ही जोडगोळी मोडून एकच 'करवर्ष' केलें. नांव सोपें झालें, मार्च तोच राहिला.

तेव्हां तारीख हलत नसेल तर काम हलवावें, हाच मार्ग उरतो. कीर्द रोजची रोज लिहिली जाते. चुकतें तें खतावणींत. ती दर महिन्याच्या अमावास्येस पुरी करण्याचा नेम असणारीं घराणीं आम्हीं पाहिलीं आहेत. त्यांच्याकडे मार्चमध्यें उरतो तो केवळ साठ्याची मोजदाद व तेरीज. संगणकावर हिशेब ठेवणारांना वाटतें कीं यंत्र सर्व पाहून घेईल. यंत्र बेरीज करील. परंतु अमक्या शाळेकडे गणेशोत्सवापासून राहिलेली उधारी बुडीत धरावयाची कीं नाहीं, हें यंत्रास कोण सांगणार? तो निर्णय माघांतल्या गार संध्याकाळीं, दोघां भावांनीं समोरासमोर बसून करावा. घेरी येण्याच्या बेतांत असलेल्या माणसानें करूं नये.

उधारीवरून आठवलें. घरीं मसाले, पापड, पिशव्या अथवा तत्सम माल तयार करून मोठ्या दुकानांस पुरविणाऱ्या भगिनींनीं एक तरतूद अवश्य ध्यानांत ठेवावी. २००६ च्या कायद्याप्रमाणें 'उद्यम' नोंदणी असलेल्या सूक्ष्म व लघु उद्योगाचें देणें, लेखी करार नसल्यास १५ दिवसांत व करार असल्यास जास्तींत जास्त ४५ दिवसांत चुकतें करावें लागतें. १ एप्रिल २०२४ पासून प्राप्तिकराच्या कायद्यानेंही त्यास धार आणली: मुदतींत पैसे न देणाऱ्या खरेदीदारास तो खर्च त्या वर्षाच्या नफ्यांतून वजा करतां येत नाहीं, प्रत्यक्ष पैसे दिल्यावरच करतां येतो. पत्र्याखालीं बसलेल्या बाईच्या हातीं मार्च महिन्यानें दिलेलें हें एकच शस्त्र आहे. नम्रपणें, पण वेळेवर वापरावें. नुसती खरेदी-विक्री करणाऱ्या दुकानदारास मात्र याचा लाभ नाहीं, हें आमच्या पत्रलेखकांस खेदपूर्वक कळवावें लागतें.

आतां घेरीविषयीं. मैदानी भागांत तपमान ४० अंशांवर व किनाऱ्यावर ३७ अंशांवर गेलें कीं हवामान खातें उष्णतेच्या लाटेचा विचार करूं लागतें. पण तो आंकडा सावलींतल्या मोकळ्या हवेचा असतो. बंद माळ्यांतली, पत्र्याखालची हवा त्याहून पुष्कळ तापलेली असूं शकते. तहान लागण्याची वाट न पाहतां पाणी प्यावें, काम सकाळीं सातापासून दहापर्यंत करावें, आणि डोकें जड होणें, मळमळणें, पायांत गोळे येणें यांपैकीं कांहीं जाणवतांच उठून सावलींत यावें. माणूस असंबद्ध बोलूं लागला किंवा शुद्ध हरपली तर तो उष्माघात समजावा: १०८ क्रमांकास कळवावें आणि गाडी येईपर्यंत कपडे सैल करून, अंगावर पाणी शिंपडून, जोरानें वारा घालावा. बेशुद्ध माणसाच्या तोंडांत पाणी घालण्याची घाई आपल्याकडे फार. ती करूं नये. जुलाबांनीं अंगांतलें पाणी गेलें असेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यांत चहाचे सहा सपाट चमचे साखर व अर्धा सपाट चमचा मीठ विरघळवून थोडें थोडें पाजावें. विल्सनसाहेब ज्या बंगालमध्यें वारले त्याच बंगालमध्यें, बनगांवच्या निर्वासितांच्या छावणींत १९७१ सालीं डॉ. दिलीप महालनबीस यांनीं असल्याच साध्या साखर-मिठाच्या पाण्यानें पटकीचे असंख्य रोगी वांचविले, आणि तेथून जगाचा या उपायावर विश्वास बसूं लागला.

पाडव्यास कडुनिंबाचा कोवळा पाला, गूळ, चिंच, जिरें, ओवा व हिंग यांची चटणी आपण खातों. ती चिमूटभर असते; तीमुळें वर्षभर रोग होत नाहींत असें आम्ही म्हणणार नाहीं. परंतु वाग्भटाचें म्हणणें असें कीं, थंडींत साचलेला कफ वसंतांतल्या उन्हानें पातळ होऊन अग्नि मंद करतो, म्हणून या ऋतूंत जड, आंबट, गोड व स्निग्ध पदार्थ कमी करून हलकें खावें. ही सूचना दिवसभर गादीवर बसणाऱ्या दुकानदारास आजही शोभून दिसते. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाचें पन्हें व कैरीची डाळ दुकानांतही पाठवीत जावी. ज्यांना मधुमेह आहे त्यांनीं पन्ह्याऐवजीं पातळ ताक घ्यावें, आणि रक्तदाबाचा विकार असणारांनीं मीठ बेतानें घालावें.

मात्र उन्हाची निंदा करीत बसावें असेंही नाहीं. १५ मार्च १९५९ रोजीं मुंबईस गिरगांवांत सात गुजराथी गृहिणी एका इमारतीच्या गच्चीवर पापड लाटावयास बसल्या. भांडवल उसनवार घेतलेल्या ८० रुपयांचें. त्या दिवशीं चार पाकिटें भरलीं. त्यांतूनच पुढें 'लिज्जत' झालें. चैत्राचें ऊन हा त्यांचा बिनपगारी नोकर होता. पावसाळा लागतांच तो निघून गेला आणि पहिल्या वर्षीं चार महिने काम बंद ठेवावें लागलें. दुसऱ्या वर्षीं त्यांनीं एक खाट व एक स्टोव्ह घेतला. खाटेवर पापड, खालीं स्टोव्ह. ज्या छगनलाल पारेखांनीं त्यांना पैसे दिले होते त्यांचा आग्रह दोन गोष्टींचा होता: मालाचा दर्जा उतरूं द्यावयाचा नाहीं, आणि हिशेब चोख ठेवावयाचा. पहिल्या वर्षाची विक्री ६,१९६ रुपयांची झाली, हें आज आपणांस सांगतां येतें तें त्या हिशेबामुळेंच. त्या सातांपैकीं जसवंतीबेन पोपट यांना २०२१ सालीं पद्मश्री मिळाली. त्यांच्या ताळेबंदापेक्षां आम्हांस ती खाट अधिक आवडते.

शिवाय साडेतीन मुहूर्तांपैकीं पाडवा व अक्षय्य तृतीया हे दोन वसंतांतच येतात. शाळांचीं नवीं पुस्तकें, वर्षाच्या गव्हाची खरेदी, संकेश्वरी व ब्याडगी मिरच्यांचीं पोतीं, आंब्याच्या पेट्या, हें सर्व याच दिवसांत घरांत शिरतें. वह्या-कागदाच्या दुकानास तर मार्च-एप्रिल दोहोंकडून ओढतात, एकीकडे स्वतःचा हिशेब आणि दुसरीकडे गिऱ्हाइकांच्या नव्या वह्या.

राहिला पत्रांतला शेवटचा, जरा संकोचानें विचारलेला प्रश्न: दुपारीं एक ते चार दुकान बंद ठेवून वामकुक्षि करणें प्रकृतीस हितावह आहे काय? आमच्या गांवांतील या पाटीची परगांवचे लोक थट्टा करतात, म्हणून उत्तर जपून देतों. ग्रीष्मांत दिवसा झोपण्यास आयुर्वेदाची आडकाठी नाहीं, वसंतांत मात्र आहे. तेव्हां ज्येष्ठ व आषाढ या महिन्यांत पाटी खुशाल लावावी. चैत्र-वैशाखांत दुकान बंद ठेवावें, पण निजूं नये. खालच्या ओट्यावर, वारा येईल अशा जागीं बसून महिन्याची खतावणी करावी. आणि माळ्याची किल्ली वहिनींकडेच राहूं द्यावी.