भिंतीला मिळणारी सवलत

आयर्लंडमध्ये 2013 पासून घरमालकांना स्थानिक मालमत्ता कर भरावा लागतो. आपल्या घरपट्टीचाच हा भाऊबंद. फरक इतकाच की तो पालिका नव्हे तर देशाचे महसूल खाते वसूल करते, आणि घराची किंमत मालकानेच ठरवून कळवायची असते. घरात दिव्यांग व्यक्ती राहत असेल आणि तिच्या सोयीसाठी घरात फेरफार केले असतील, तर अटींची पूर्तता झाल्यावर करपात्र किंमत 1 लाख 5 हजार युरोंनी कमी धरण्याची तरतूद 2022 पासून आली. त्याआधी हा आकडा 50 हजार होता. ऐकायला सवलत भरघोस वाटते. पण कर बसतो तो किमतीच्या टप्प्यांवर. 2022 ते 2025 या काळात 5 लाख युरोंच्या घराला मूळ दराने वर्षाला 495 युरो कर होता. सवलतीमुळे त्याची किंमत 3 लाख 95 हजार धरली की कर 405 युरो. लाखाच्या सवलतीतून हाती पडले 90 युरो! मूळ दरात बदल करण्याची मुभा पालिकांना असते, आणि डब्लिन महापालिका कित्येक वर्षे सरसकट सगळ्यांनाच 15 टक्के कपात देत आली. त्या हिशेबाने याच घराच्या धडधाकट मालकाचे 74 युरो अर्ज न करताच वाचत होते. सरकारनेच करवून घेतलेल्या, इंडेकॉन या सल्लागार संस्थेच्या 2021 च्या अहवालाने अपंगत्वामुळे येणारा जादा खर्च वर्षाला सरासरी 9,482 ते 11,734 युरो असल्याचे सांगितले होते, हेही इथे आठवावे.

रक्कम तुटपुंजी आहेच, पण खरी खोट ती कशाशी बांधली आहे, यात आहे. दारापुढचा उतार, जिन्यावरची सरकती खुर्ची, उंबरठा काढून चाकाची खुर्ची आत जाईल अशी केलेली न्हाणी, असे काही बांधकाम झाले तरच सवलतीचे दार उघडते. फेरफारामुळे घराची किंमत वाढली तर त्या वाढीवर कर बसू नये, हा यामागचा मूळ हिशेब. (जिन्यावरच्या खुर्चीमुळे घराला जास्त भाव देणारे गिऱ्हाईक कुठे भेटते, हे कायदा करणाऱ्यांनाच ठाऊक.) पण स्वमग्न मुलगा, बौद्धिक अपंगत्व असलेली बहीण किंवा स्मृतिभ्रंश झालेले वडील यांच्यासाठी बहुतेकदा एक वीटही हलवावी लागत नाही. तिथे खर्च होतो तो माणसाचा: कुणीतरी नोकरी सोडते किंवा अर्धवेळ करते. 2022 च्या जनगणनेत अशी विनावेतन शुश्रूषा करणारे सुमारे 3 लाख लोक नोंदले गेले. त्यांच्या श्रमाला या करात कुठेच रकाना नाही.

यावर पहिला आक्षेप असा की मालमत्ता कर मालमत्तेवर असतो. त्यात माणसांची दुःखे मोजू लागलो तर करपायाच खचेल आणि मदत करायची तर ती भत्त्यातून करावी. युक्तिवाद वजनदार आहे, कारण भाड्याच्या घरातल्या दिव्यांगाला या सवलतीचा तसाही उपयोग नाही. पण भत्ते वाढवावेत याबद्दल कुणाचे दुमत नाही. प्रश्न असा की सवलत ठेवायचीच ठरवली आहे, तर ती बांधकामाची पावती पाहून का? शिवाय ज्या कराला श्रीमंत वस्त्यांसह सगळ्यांना दिलेली 15 टक्के कपात पेलली, तो अशा कुटुंबांच्या सवलतीने खचेल, हे पटत नाही. दुसरा आक्षेप खोट्या दाव्यांचा. त्याचे उत्तर महसूल खात्याच्याच कपाटात आहे. कायमचे अपंगत्व असलेल्या अपत्याच्या पालकांना हेच खाते डॉक्टरांच्या दाखल्यावर आयकरात सूट देते. 2025 साठी ती 3,800 युरो होती. भारतातला आयकर कायदाही, जुन्या करप्रणालीत, हेच करतो: अवलंबित दिव्यांग नातेवाइकासाठी ठरावीक 75 हजार रुपयांची, तीव्र अपंगत्व असल्यास सव्वा लाखाची वजावट, प्रत्यक्ष खर्च कितीही झालेला असो. दोन्हीकडे पाहिला जातो तो दाखला, गवंड्याचे बिल नव्हे.

तेव्हा ज्या घरासाठी अशी आयकर सूट किंवा शुश्रूषा भत्ता आधीच मंजूर आहे, त्या घराच्या करातून थेट ठरावीक रक्कम वजा व्हावी. वेगळा अर्ज, वेगळी तपासणी नको. किमतीच्या टप्प्यांशी तिचा संबंध ठेवला नाही, तर महागड्या घराला जास्त लाभ मिळण्याचा प्रश्नही उरत नाही. 1 नोव्हेंबर 2025 च्या किमतींवर 2030 पर्यंतचा कर बसणार आहे, पण ही दुरुस्ती मूल्यांकनाशी बांधलेली नसल्याने पुढच्या मूल्यांकनापर्यंत थांबण्याचे कारण नाही. येत्या अर्थसंकल्पातही ती करता येईल.