पत कुणाची मोजायची?

परभणी जिल्ह्यातील सोयाबीन विम्याचा हिशोब पत्रकार पी. साईनाथ यांनी नोव्हेंबर २०१८ मध्ये देशासमोर मांडला. सुमारे २ लाख ८० हजार शेतकरी. त्यांनी भरलेला हप्ता १९.२ कोटी रुपये, राज्य व केंद्र सरकारांचे प्रत्येकी ७७ कोटी, म्हणजे एकूण १७३ कोटी. आणि भरपाई केवळ ३० कोटी. या हिशोबाने संताप उसळला तो रास्तच होता. परंतु तो विमा कंपनीच्या दारापाशी थांबला. त्या दारामागे आणखी एक दार आहे, याची दखल समाजवादी कार्यकर्त्यांनीही पुरेशी घेतलेली नाही.

विमा कंपनी पत्करलेली सगळी जोखीम स्वतःजवळ ठेवीत नाही. हप्त्याचा काही भाग देऊन ती जोखीम दुसऱ्या कंपनीच्या गळ्यात घालते. हाच पुनर्विमा. पीकविम्यात तर एकाच दुष्काळाने जिल्हेच्या जिल्हे होरपळतात; म्हणून तेथे पुनर्विम्यावाचून पान हलत नाही. सेलू-जिंतूरच्या शेतकऱ्याचा पैसा अशा रीतीने मुंबई, म्युनिक किंवा झुरिकच्या वहीत जमा होऊ शकतो. त्याच्या पावतीवर मात्र त्याचा मागमूस नसतो.

या पुनर्विमा कंपन्यांची पत ठरविणाऱ्या संस्थाही परदेशीच. अमेरिकेतील ए. एम. बेस्ट ही त्यांतील प्रमुख. ताळेबंदाची ताकद, व्यवसायातील कामगिरी, व्यवसायाचे स्वरूप आणि जोखमीचे व्यवस्थापन या चार कसोट्यांवर ती श्रेणी देते. आपल्या विमा नियामकानेही परकी पुनर्विमा कंपन्यांसाठी किमान श्रेणीची अट घातली आहे. ज्याची पत मोजायची त्याच्याकडूनच शुल्क घेण्याची या धंद्याची सर्वसाधारण रीत आहे. लेहमन ब्रदर्सला २००८ मध्ये दिवाळे निघेपर्यंत 'ए' श्रेणी होती, हे विसरून चालणार नाही.

तरीही खरा आक्षेप श्रेणी चुकते हा नाही. ती अचूक असली तरी ती एकाच प्रश्नाचे उत्तर देते : विमा कंपनीने मागितलेले पैसे पुनर्विमा कंपनी देऊ शकेल काय? शेतकऱ्याला त्याचे पैसे मिळतील काय, हा प्रश्न त्या कसोट्यांत कोठेच नाही. उलट, नाकारलेला प्रत्येक दावा ताळेबंदाला बळकटीच आणतो.

भारतीय साधारण विमा निगमाचा अनुभव या दृष्टीने उद्‌बोधक आहे. राष्ट्रीयीकरणातून १९७२ मध्ये स्थापन झालेला हा निगम २००० मध्ये देशाचा पुनर्विमा निगम ठरला. २०१६ च्या पंतप्रधान पीकविमा योजनेनंतर त्याने पिकांची मोठी जोखीम उचलली. पुढे दायित्वक्षमता दीडपटीच्या किमान मर्यादेच्या काठावर आली आणि २०२० मध्ये ए. एम. बेस्टने त्याची श्रेणी 'ए उणे'वरून 'बी प्लस प्लस'वर आणली. निगमाने पीकविम्यातील वाटा आखडता घेतला. २०२४ मध्ये 'ए उणे' श्रेणी परत मिळाली. सुधारणेची इतर कारणेही होती; परंतु शेतापासून दूर सरकावे हा धडा त्यातून सार्वजनिक संस्थेलाही मिळतो, हे नाकारता येत नाही.

जगाचा कलही तोच आहे. २०२३ च्या आरंभी पुनर्विम्याचे दर कडाडले. लहान-मध्यम नुकसानीचा भार मूळ विमा कंपन्यांवर ढकलण्यात आला आणि पुनर्विमा कंपन्यांचे नफे फुगले. हवामान बिघडत असताना ज्यांनी जोखीम वाहायची तेच ती खाली लोटू लागले. त्या उतरंडीच्या तळाशी कोरडवाहू शेतकरी उभा आहे. महाराष्ट्राने २०२५ च्या खरिपात एक रुपयाचा हप्ता बंद केला आणि स्थानिक आपत्तीचे संरक्षण काढून भरपाई पीककापणी प्रयोगावर आणून ठेवली. त्याच सप्टेंबरमध्ये मराठवाडा अतिवृष्टीने बुडाला! डिसेंबरमध्ये संसदेने विमा क्षेत्र शंभर टक्के परकी भांडवलाला मोकळे केले.

पुनर्विमाच नको, असे कोणी म्हणणार नाही. दुष्काळाचा भार एका जिल्ह्याने नव्हे, साऱ्या समाजाने वाहावा, हे तत्त्व मुळात समाजवादीच आहे. बुडीत पुनर्विमा कंपनी शेतकऱ्याच्याही उपयोगाची नाही, हेही खरे. परंतु हप्त्याचा सिंहाचा वाटा सरकारी तिजोरीतून जात असेल, तर हिशोब मागण्याचा अधिकारही जनतेचा आहे.

म्हणून मागणी नेमकी हवी. जिल्हावार किती जोखीम कोणाकडे व कोणत्या अटींवर दिली, हे जाहीर व्हावे. पीककापणी प्रयोगांचे आकडे मंडळनिहाय ग्रामपंचायतीत लावावेत. दावे किती दिवसांत व किती प्रमाणात चुकविले, यावर सरकारने प्रत्येक विमा कंपनीची श्रेणी लावावी आणि कंत्राट देताना तीच प्रमाण मानावी. सार्वजनिक निगमाकडील सक्तीचा हिस्सा एकेकाळी २० टक्के होता, तो ४ टक्क्यांवर आणला गेला. पीकविम्यापुरता तो वाढवावा आणि त्यासाठी लागणारे भांडवल केंद्राने द्यावे. परभणीच्या जिल्हाधिकारी कचेरीवर पुढचा मोर्चा निघेल, तेव्हा त्याच्या निवेदनात 'भरपाई द्या' याच्या जोडीला 'करार दाखवा' ही ओळही असली पाहिजे.