आदिमानवाच्या ताटात काय होते?

आदिमानव धान्य खात नव्हता म्हणून निरोगी होता. तेव्हा भात-भाकरी सोडा, असा सल्ला हल्ली ‘पॅलिओ डाएट’च्या नावाने सर्रास दिला जातो. गंगेच्या खोऱ्यातील उत्खननांतून मात्र निराळे चित्र दिसते.

उत्तर प्रदेशातील प्रतापगड जिल्ह्यात सराय नाहर राय, महदहा आणि दमदमा ही मध्याश्मयुगीन स्थळे आहेत. तेथील दफनांत सापडलेल्या सांगाड्यांवरून ही माणसे उंच, दणकट होती असे दिसते. दात झिजलेले, पण किडलेले फार थोडे. ते हरणांची शिकार करत, मासे आणि कासवेही खात. इथपर्यंत ‘पॅलिओ’वाले खूश होतील; पण याच वस्त्यांत दगडी पाटे-वरवंटेही मिळाले आहेत. म्हणजे शेतीच्या आधीही रानातल्या बिया, कंद कुटून-वाटून खाल्ले जात असावेत.

पुढचा टप्पा दक्षिणेकडे, विंध्याच्या परिसरातील बेलन नदीच्या खोऱ्यात दिसतो. कोल्डिहवा येथील मडक्यांच्या मातीत भाताचे तूस सापडले. महगडा येथे गुरांच्या गोठ्यात खुरांचे ठसेही उमटलेले आहेत. माणूस स्थिरावला, साठवणीचे धान्य आले. पण जगात अनेक ठिकाणी शेतीनंतरच्या सांगाड्यांत दातांची कीड आणि कुपोषणाच्या खुणा वाढलेल्या आढळतात. मऊ, पिठूळ अन्न दातांना चिकटते आणि तोंडातले जिवाणू त्यापासून आम्ल तयार करतात. धान्यातील फायटेटमुळे लोह कमी शोषले जाते. त्यातच आहारातली विविधता घटली आणि दाट वस्तीत संसर्ग पसरायला वाव मिळाला.

म्हणजे दोष धान्याचा नाही, एकाच धान्याने ताट भरण्याचा आहे. आजही अनेक घरांत ताटभर भात आणि चमचाभर भाजी असते. तेथे भात कमी करून डाळ, उसळ, पालेभाजी वाढवणे आणि वर लिंबू पिळणे हा साधा, परवडणारा उपाय आहे. लिंबातील ‘क’ जीवनसत्त्वामुळे लोह अधिक शोषले जाते.

मधुमेहींनी तर विशेष जपावे. इन्सुलिन किंवा साखर कमी करणाऱ्या काही गोळ्या चालू असताना धान्य एकदम बंद केले, तर रक्तातील साखर धोकादायकरीत्या घसरू शकते. आहारात मोठा बदल करण्याआधी डॉक्टरांकडून औषधांची मात्रा तपासून घ्यावी. हजारो वर्षांपूर्वीच्या माणसाकडून शिकायचेच असेल, तर त्याच्या ताटातली विविधता शिकावी.