मस्टरवर नाव नाही, भिंतीवर तलवार

विठ्ठलवाडी स्टेशनात उतरणाऱ्याला नकली मालाचं अप्रूप नसतं. उल्हासनगरच्या मालावर 'मेड इन यूएसए' असायचं आणि यूएसए म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन, हा विनोद तुम्हीही केला असेल. मी आता त्याला हसत नाही. १९४७ ला घरदार टाकून आलेली ती माणसं. सरकारने त्यांना कल्याण कॅम्पच्या लष्करी बराकींत कोंबलं. त्यांनी पोटासाठी नक्कल केली. पोटासाठी केलेली नक्कल मला समजते.

समजत नाही ती आपल्या पोरांच्या भिंतीवरची तलवार.

दोस्तहो, रागावू नका. रागवायचंच असेल तर शेवटपर्यंत वाचा आणि मग रागवा.

ही तलवार काय चीज आहे ते आधी बघू. युरोप-अमेरिकेत हौशी लोक सुट्टीच्या दिवशी जुने पोशाख चढवून जुन्या लढाया खेळतात. दुपारी मेलेले संध्याकाळी उठून घरी जातात. त्यांच्यासाठी आणि दिवाणखाना सजवणाऱ्यांसाठी जुन्या तलवारींच्या नकला बनतात, त्यातल्या कितीतरी आपल्याच देशात. देहरादूनची विंडलास स्टीलक्राफ्ट्स १९४३ साली सुरू झाली, तेव्हा गुरखा पलटणींच्या खुकऱ्या बनवत होती. आज देशोदेशीच्या, शतकाशतकाच्या तलवारींच्या नकला परदेशी धाडते. लढाई त्यांची, हौस त्यांची, भट्टीपुढचा घाम इथल्या कामगाराचा.

नकलेतही जात असते. चांगल्या नकलेचं पातं जास्त कार्बनच्या पोलादाचं, तापवून पाणी दिलेलं. पात्याचा शेपटा मुठीतून पार टोकापर्यंत गेलेला. आपल्या पोरांच्या वाट्याला येते ती स्टेनलेसची. पात्याच्या बुडाला बारीक सळई वेल्डिंगने डकवलेली, वर सोनेरी मुलाम्याची मूठ. जोरात फिरवली तर पातं मुठीतून सुटून फिरवणाऱ्याच्याच पायावर येईल. शत्रूला तिचं भय नाही. भय फक्त आपल्यालाच.

सरकारलाही सध्या शस्त्रांचं वेड आहे. २०२४ ला लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममधली वाघनखं तीन वर्षांच्या उसनवारीवर साताऱ्यात आणली. २०२५ ला नागपूरच्या रघुजी भोसल्यांची तलवार लिलावात ४७ लाख १५ हजाराला घेतली. आणा ना! आपल्या इतिहासाची वस्तू आपल्या घरी यावी, माझं भांडण नाही. पण त्या तलवारीचं पातं युरोपचं, आणि तिच्यावरच देवनागरीत 'फिरंग' म्हणून कोरलेलं. तेव्हाच्या सरदारांना परदेशी पात्याची लाज नव्हती, कारण त्यांना ते वापरायचं होतं. लाज आणि अस्मिता हे सगळं भिंतीवर टांगल्यानंतर सुरू होतं.

आणि ती पाती घासूनपुसून धारेला कोण लावायचं? शिकलगार. गावोगाव फिरून लोखंड कोण ठोकायचं? घिसाडी. गडाच्या पायथ्याला रात्रभर पहारा कोण द्यायचं? महार, मांग, रामोशी. मिरवणुकीत मावळा असतो, सरदार असतो, घोडा असतो. शिकलगार कुठाय? तो अजून सुऱ्या-कात्र्यांना धार लावत दारोदार हिंडतो, आणि कुठे चोरी झाली की पोलीस आधी त्याच्या पालावर जातात.

हे झालं त्यांचं. आता आपलं.

१ जानेवारीच्या बॅनरवर महार सैनिक कसा काढतात? एका हातात ढाल, एका हातात तलवार. साफ खोटं! १ जानेवारी १८१८ ला कोरेगावात लढली ती कंपनीच्या मुंबई फौजेची पायदळ पलटण, पहिल्या रेजिमेंटची दुसरी बटालियन. सुमारे पाचशे शिपाई. शिरूरहून रातोरात चालून आलेले, पोटात अन्न नाही, प्यायला पाणी नाही. त्या शिपायाच्या हातात बंदूक होती आणि बंदुकीच्या तोंडाला संगीन. कवायत होती, महिन्याचा पगार होता आणि पलटणीच्या वहीत नाव होतं.

ही शेवटची गोष्ट लक्षात ठेवा. वहीत नाव. म्हणूनच विजयस्तंभाच्या दगडावर मेलेल्या शिपायांची नावं कोरली गेली आणि त्यातली बावीस 'नाक' लागलेली, आपल्या पूर्वजांची आहेत. गावात ज्याला नावाने हाक मारत नव्हते, त्याचं नाव दगडावर. १ जानेवारी १९२७ ला बाबासाहेब तिथे गेले ते तलवार नाचवायला नाही.

पण कंपनी सरकार काही आपलं मायबाप नव्हतं. काम झालं, आणि १८९२ च्या सुमारास गोऱ्या साहेबाने लढवय्या जातींची यादी काढून आपली भरती बंद केली. गोपाळबाबा वलंगकरांनी १८९४ ला अर्ज लिहिला. ऐकतो कोण? पहिल्या महायुद्धात माणसं कमी पडली तेव्हा १९१७ ला १११ महार पलटण उभी केली. युद्ध संपलं, १९२१ ला मोडून टाकली.

हे वाचलं तेव्हा मी पाळी संपवून आलो होतो. वाचता वाचता थांबलो. च्यायला, हे तर आपलंच! गरज लागली की भरती, काम सरलं की गेटबाहेर. मी मिलमध्ये सात वर्षं कंत्राटी आहे. मशीन माझं नाव ओळखतं, मस्टर ओळखत नाही.

बाबासाहेबांनी काय मागितलं? १९४१ ला व्हाइसरॉयच्या संरक्षण सल्लागार समितीत बसून महारांची पलटण मागितली. त्याच वर्षी १ ऑक्टोबरला बेळगावात महार रेजिमेंट उभी राहिली. तिच्या बिल्ल्यावर कोरेगावचा स्तंभ होता. शस्त्र मागितलं ते नोकरीसकट, पेन्शनीसकट, मस्टरवरच्या नावासकट. शोभेचं शस्त्र त्यांनी मागितलं नाही.

आता तुम्ही म्हणाल, मनूने शस्त्र द्विजांच्या हातात दिलं आणि आपले हात रिकामे ठेवले, मग आज आपल्या पोराने तलवार धरली तर तुझ्या पोटात का दुखतं? बरोबर विचारलंत. चातुर्वर्ण्याने हत्यार काढून घेतलं म्हणून खालच्यांना बंड करता आलं नाही, हे बाबासाहेबांनीच १९३६ ला लिहून ठेवलंय. पण ज्याने हत्यार काढून घेतलं तोच आज हत्याराचं खेळणं विकतोय. आणि खेळणं हातात दिसलं की केस मात्र खरी लागते.

माझ्या आतेभावाला लागली. बाविसावा वाढदिवस. मोटरसायकलच्या सीटवर केक, हातात ऑनलाइन मागवलेली तलवार. कुणीतरी व्हिडिओ फिरवला. तिसऱ्या दिवशी उचलला. आर्म्स ॲक्ट १९५९, कलम ४, २५. तो म्हणाला, "साहेब, धार नाय हिला, शोपीस हाय." तलवार जप्त झाली, पोरगा आत. पोलीस भरतीचं मैदान तो मारून आला होता. चारित्र्य पडताळणीत ही केस निघाली आणि सगळं तिथेच अडकलं. आत्याने वकिलासाठी भिशी उचलली. ज्या पोराच्या खांद्यावर उद्या सरकारी बंदूक आली असती, त्याचा घात बोथट पत्र्याने केला.

त्या व्हिडिओत टाळ्या वाजवणारा एक मी आहे. म्हणून हे लिहितोय. शहाणा म्हणून नाही.

तेव्हा दोस्तहो, येत्या १४ एप्रिलला मिरवणुकीत तलवार दिसली तर पोराला मारू नका, हिणवू नका. तलवार काढून घ्या आणि त्याला जवळ बसवून कोरेगावच्या स्तंभावरची ती बावीस नावं वाचून दाखवा. मग कोरी वही घ्या. विठ्ठलवाडी ते अंबरनाथ, आपल्या वस्तीतल्या प्रत्येक कंत्राटी कामगाराचं नाव, खातं, किती वर्षं काम, पीएफ कापतात की नाही, सगळं लिहा. नुसतं लिहू नका, ती वही घेऊन दारात उभे राहा.

त्या वहीला धार आहे. पहिलं नाव माझं घाला.

जय भीम.