नाव खोडणारे सरकार, हक्क विसरणारे सरकार!

दांडिया बाजारातील एखाद्या घरचा कर्ता पुरुष जातो. खंडेराव मार्केटातून कारभार हाकणारी महानगरपालिका त्या मृत्यूची नोंद करते, दाखला देते. २०२३ च्या दुरुस्त कायद्याने ही नोंद शिधापत्रिका व मतदारयादीच्या दप्तरांपर्यंत पोचविण्याची वाट मोकळी झाली. त्या यादीत विधवा-साहाय्याचे नाव मात्र नाही! २०१९ साली गुजरात सरकारने 'विधवा' शब्द पुसून 'गंगास्वरूपा' ही उपाधी दिली. उपाधीने चूल पेटत नाही. दरमहा १,२५० रुपयांसाठी त्या माउलीने तोच दाखला घेऊन मामलतदार कचेरीच्या पायऱ्या झिजवायच्या. खोडताना सर्वज्ञ, देताना स्मृतिभ्रंश, हा कोणता न्याय, असे आम्ही विचारतो.

विलायतेतील नगरपालिका घरभाडे-साहाय्याची दप्तरे चाळून, निवृत्तिवेतनाचा पूरक हक्क न मागणारे वृद्ध हुडकतात. पण विलायत कशाला? १९०६ साली सयाजीरावांनी बडोदे संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले, तेव्हा मूल शाळेत न धाडणाऱ्या पालकाला दरबार हुडकून दंड करी. दंडासाठी घर सापडते, तर हक्कासाठी का सापडू नये?

उत्पन्नाची अट जरूर तपासा. परंतु दाखल्याबरोबरच साहाय्याचा अर्ज तिच्या हाती ठेवा. पत्ता तुमच्या वहीत आहेच. महिन्याभरात अर्ज न आल्यास कारकुनाला तिच्या दारी धाडा.