पाऊल ओळखलेलं चालतं, जमीन ओळखलेली का चालत नाही?



जंगलात पळालेल्या माणसाचा माग कसा काढायचा, याचं आता पोलिसांना ट्रेनिंग देतात. शिकवतात काय? ऊन तिरपं असताना पाऊल बघा, कडेला सावली पडते, ठसा उठून दिसतो. ठशावरून किडा-मुंगीची रेघ गेली असेल तर माणूस जाऊन वेळ झाला. पानाची फिकी बाजू वर आली असेल तर कुणीतरी घासून गेलंय. ओझंवाल्याचं पाऊल आखूड पडतं. ठसा हरवला तर धावत सुटू नका, शेवटच्या ठशाशी खूण ठेवा नि भोवती गोल फिरून पुढचा शोधा.

वाचून हसू येईल. हरवलेली गाय शोधायला गेलेलं आपलं दहा वर्षांचं पोर हेच करतं. त्याला कोण सर्टिफिकेट देतो?

पोलीस हे शिकू नयेत असं आमचं म्हणणं नाही. उलट ज्याला माग वाचता येत नाही तो पाड्यावर येतो आणि माणसांना झोडून वाट विचारतो. वीरप्पनला शोधताना कर्नाटक-तामिळनाडूच्या सीमेवरच्या जंगलगावांनी हेच भोगलं. मानवी हक्क आयोगाला त्यासाठी सदाशिव समिती नेमावी लागली. भरपाई सांगितली ती २००७ साली, ८९ जणांना मिळून २ कोटी ८० लाख. तोवर वीरप्पन मरून दोन वर्षं उलटली होती.

पण ही विद्या येते कुठून? आपल्यासारख्यांकडून, आणि ती घेतानाचा व्यवहार जुनाच आहे. ऑस्ट्रेलियात १८७९ मध्ये नेड केली या दरोडेखोराच्या मागावर सरकारने क्वीन्सलँडहून तिथले मूळनिवासी माग काढणारे आणले. केलीला त्यांचीच मोठी धास्ती होती. १८८० मध्ये टोळी संपली. बक्षीस ८००० पौंडांचं. या लोकांच्या नावापुढे ५०-५० पौंड लिहिले, पण हातात द्यायचे नाहीत असं ठरलं, कारण म्हणे यांना पैसा वापरता येत नाही! माग काढायला अक्कल आहे, पैसे मोजायला नाही.

आपल्या शेजारी छत्तीसगडात काय झालं? आदिवासी पोरांना 'विशेष पोलीस अधिकारी' केलं, महिना ३००० रुपये मानधनावर. कोर्टात सरकार म्हणालं, यांना जंगल ठाऊक, बोली ठाऊक, म्हणून वाटाडे नि दुभाषे म्हणून हवेत. ५ जुलै २०११ रोजी सुप्रीम कोर्टाने ते घटनाविरोधी ठरवलं. कमी शिकलेल्या पोरांना थोडक्या ट्रेनिंगवर मरणाच्या तोंडी देणं हे समानतेच्या आणि जगण्याच्या हक्काविरुद्ध आहे, असं सांगितलं. एकदा वाट दाखवली की पोरगा खबऱ्या ठरतो, आणि जीप गेल्यावर त्याला गावातच राहायचं असतं.

आता आपला मुद्दा. म्हाताऱ्याने पाऊल बघून 'इथून काल रात्री दोघं गेले' म्हटलं की पोलीस त्या बोलावर बंदुका घेऊन चालू लागतात. तोच म्हातारा 'ही शेती याचा बाप कसत होता' म्हणाला की दाव्याच्या कागदावर शेरा पडतो, पुरावा अपुरा. वनहक्काच्या २००८ च्या नियमात, नियम १३ मध्ये, दावेदार सोडून इतर वडीलधाऱ्यांचा लेखी जबाब हा पुरावा धरला आहे. २०१२ च्या दुरुस्तीत स्पष्ट लिहिलं आहे की उपग्रहाचा नकाशा जोडीला चालेल, पण बाकी पुराव्यांच्या जागी नाही. तरी साहेब नकाशाच पुढे करतात.

पळणाऱ्याला पकडायला पोलिसाने रास्त मदत मागितली तर द्यावी, असं कायदा म्हणतो. पण रात्री एकट्या पोराला उचलून बंदुकीपुढे चालवणं रास्त कसं? जीप आली तर आधी पाटील नि ग्रामसभेच्या चार जणांना बोलवा. साहेबाचं नाव, ठाणं, वेळ वहीत लिहा. पोरगा कधी परत येणार ते विचारा. दिवसाची मजुरी मागा, लाजू नका.

आणि ज्या म्हाताऱ्यांना पोलीस वाट विचारतात, त्यांचे जमिनीबद्दलचे जबाब पावसाआधी लिहून घ्या. कोणती शेती, कोण कसत होतं, बांध कुणी घातला, विहीर कधीची. अंगठा, दोन साक्षीदार, वनहक्क समितीचा ठराव. एक प्रत उपविभागीय समितीला द्या आणि पोच घेतल्याशिवाय कचेरीतून उठू नका.